न्यूयॉर्कहून, ११०व्या गल्लीतून

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. चकल्या शाबूत होत्या. करंज्यांचा चुरा झाला होता, तो चमच्याने खाल्ला. तेव्हा आई, ‘नीट जेवतोस ना’ हा प्रश्न या खेपेला नको.

मामाला सांगा, जुने सिनेमे बघून हार्लेमच्या, म्हणजे माझ्या या वस्तीच्या, नावाने तुम्हाला घाबरवू नकोस. नावाला ११०वी गल्ली, पण चांगला हमरस्ता आहे हा. खाली ५९व्या गल्लीपासून सेंट्रल पार्क मधोमध पसरलंय, तब्बल ८४३ एकर. ते इथे आमच्या दारात संपतं. रस्त्याच्या एका अंगाला इमारती, दुसऱ्या अंगाला बाग. भुयारी गाडीचं स्टेशन बागेच्या कडेलाच, एम ४ बस दारावरून जाते. रात्री उशिरापर्यंत माणसांची ये-जा असते. देवगडच्या स्टँडवर नऊनंतर कुत्री तरी असतात का, विचारा त्याला.

याच रस्त्याने पश्चिमेकडे गेलं की एक अवाढव्य चर्च लागतं. १८९२ साली पायाचा दगड बसवला, अजून पुरं झालेलं नाही. बाबासाहेब १९१३ साली पलीकडच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले, तेव्हाही ते अर्धवटच होतं. आपल्या पडवीचं काम रखडलं म्हणून बाबांनी एवढं मनाला लावून घेऊ नये.

बाबा, तुम्हाला मात्र एक गोष्ट सांगायचीच आहे. बागेच्या ईशान्य कोपऱ्यात, रस्त्याला लागूनच, हार्लेम मिअर नावाचं तळं आहे. तिथे लोक गरवतात. ओळखपत्र दाखवलं की बांबूची काठी फुकट मिळते, आमिषाला मक्याचे दाणे. गरीला उलटा काटा नसतो. का, तर मासा सुटायला सोपा जावा! मासा लागला की ओल्या हाताने धरायचा, गरी काढायची, पोरांना दाखवायचा, फोटो घ्यायचा आणि परत पाण्यात सोडायचा. घरी न्यायचा नाही, तसा नियमच आहे. एका म्हाताऱ्याने ‘बास’ जातीचा चांगला वीतभर मासा काढला, पाठ हिरवट, तोंड हे एवढं, आणि दिला सोडून. मी म्हटलं, आमचे वडील खाडीवर पहाटेपासून बसतात आणि रिकाम्या हाताने आले तर आईचं बोलणं खातात. तो हसला. म्हणाला, मासा उद्या पुन्हा लागेल ना! म्हणजे तोच मासा, तीच माणसं, रोज. त्या माशाचं काय होत असेल कोण जाणे. गंमत म्हणजे दोन तास बघत उभं राहिल्यावर मीही काठी मागून घेतली. काही लागलं नाही.

थंडी सुरू झाली आहे. जाड कोट घेतला आहे, किंमत विचारू नका.

आता चिमीच्या लग्नाचं. हॉलचे आणि आचाऱ्याचे पैसे या महिन्यात पाठवतो. सोसायटीचं कर्ज काढू नका आणि कलमं कुणाला कराराने देऊन बसू नका. विसाचे कागद अजून अडकलेत. आत्ता देशाबाहेर पडलो तर परत यायची खात्री नाही, हे फोनवर सांगून झालंय. चिमी त्या दिवसापासून बोलताना फोन आईकडेच देते. तिला म्हणावं, शालू तिच्या आवडीचा घे, पैशाकडे बघू नको. माझ्या स्थळाचं तिचं पार पडल्यावर बघू, आत्ता कुणाला शब्द देऊ नका.

कानपिळीला माझ्या जागी बंड्याला उभा करा. चांगला जोरात पीळ म्हणावं. पाकीट मिळेल ते त्याचंच. आणि व्हिडिओ लावताना फोन कुणाच्या तरी हातात द्या, साखरपुड्याला मला अख्खा वेळ पंखाच दिसत होता.

तुमचा,
नंदू