मृगातला तेजोमेघ आणि माळावरचे दिवे

महोदय,

महागडी दुर्बीण नसेल तर आकाशाचे फोटो निघत नाहीत, या समजुतीने मी पाच वर्षं थांबले. अखेर भाच्याचा जुना डीएसएलआर कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला: १८ मिमी लेन्स, आयएसओ (म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता) १६००, शटर १५ सेकंद उघडं. २५ सेकंद ठेवले तर ताऱ्यांच्या रेघा होतात. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून व्याधाच्या ताऱ्यावर हातानेच फोकस जुळवला. बोटाच्या धक्क्याने फोटो हलू नये म्हणून टायमर लावला. आणि मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली गुलाबी, धूसर ठिपका उमटला. १३०० हून अधिक प्रकाशवर्षं दूरचा तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा चमकता ढग! डोळे भरून आले.

यंदा माळावर उघडे एलईडी लागले. फोटोत आकाश पांढुरकं येतं. दिवे हवेतच, पण वरून झाकण घालून उजेड रस्त्यावरच पाडावा, ही कळकळीची विनंती.

— एक शिक्षिका, भोर