टेकडीवरच्या वाटा आडव्या करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेताळ टेकडीवर सायकल चालवणाऱ्यांना बंदी करा, अशी मागणी करणारी तीन पत्रे गेल्या पंधरवड्यात आपल्या अंकात वाचली. त्या मंडळींचा राग मला समजतो. मागच्याच महिन्यात खाणीच्या अलीकडच्या वळणावर एक सायकल अशी अंगावर आली, की मी थेट घाणेरीच्या जाळीत जाऊन बसलो. मुलगा थांबला, 'सॉरी काका' म्हणाला, माझी काठीही उचलून दिली. हातावरचे ओरखडे मात्र आठवडाभर चुरचुरत होते. एवढे होऊनही बंदीच्या अर्जावर मी सही करणार नाही. माझी तक्रार आहे ती वाटेबद्दल.

मी कृषी खात्यात मृदसंधारणाच्या कामावर ३५ वर्षे काढली. १९८० साली पुरंदर तालुक्यात रुजू झालो तेव्हा हर्क्युलस सायकलच्या दांड्याला डंपी लेव्हलची, म्हणजे जमिनीची पातळी मोजायच्या दुर्बिणीची, तिपाई बांधायची, पेटी कॅरिअरवर, आणि बांधबंदिस्तीच्या कामावर निघायचे. गिअर नाही, सस्पेन्शन नाही, पावसाळ्यात चाकात चिखल बसला की सायकलच खांद्यावर. आता माझी पंधरा वर्षांची नात तिच्या एमटीबीवरून, म्हणजे डोंगरी सायकलवरून, टेकडीवर जाते आणि मला 'ट्रेल' म्हणजे काय ते समजावून सांगते. मी ऐकून घेतो. तिच्या सायकलीच्या किमतीत तेव्हा एका ओढ्यावर दगडी बांध झाला असता, हे मनातल्या मनात ठेवतो.

तर वाट. कोथरूडच्या अंगाने माथ्याकडे जी वाट नाकासमोर चढते, ती वीस वर्षांपूर्वी एका माणसापुरती होती. आज तिथे चौघे शेजारी चालू शकतील, आणि मधोमध ओघळ पडली आहे. काही ठिकाणी ती माझ्या गुडघ्याला लागते. वरची माती कधीच गेली, त्याखालचा मुरूम सुटा होऊन घसरगुंडी झाली आहे, आणि गिरिपुष्पाची मुळे उघडी पडून पायात येतात. चालणारे ओघळ टाळायला कडेने जातात, कडेचे गवत तुडवले जाते, पुढच्या पावसात तिथे दुसरी ओघळ. सायकलवालेही तेच करतात. मोटारसायकल वर चढवणारे महाभागही आहेत, पण त्यांच्याबद्दल लिहायला लागलो तर हे पत्र आपण छापणार नाही.

ही माती कोणी नेली? पाण्याने. पाण्याचा वेग दुप्पट झाला की माती खरवडण्याची त्याची ताकद चौपट होते आणि वाहून नेण्याची ३२ पट, हे आम्हाला प्रशिक्षणात घोकायला लावत. डोंगराच्या उताराला धरून सरळ खाली आलेली वाट म्हणजे पाण्याला आयता पाट. त्या वाटेवरून वारकरी अनवाणी गेले काय आणि सायकली गेल्या काय, दोन-चार पावसाळ्यांत तिची नाली होणारच. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात पायवाटांवर कृत्रिम पाऊस पाडून केलेला एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात घोड्यांच्या टापा आणि माणसांचे पाय यांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केल्याचे दिसले. नातीने हे मोठ्या विजयी मुद्रेने वाचून दाखवले. मी तिला टेकडीवर नेले आणि चाकाचा दोष दाखवला. पावलाचा ठसा सुटा पडतो, चाकाची चाकोरी मात्र सलग असते. ओल्या जमिनीत उमटलेल्या त्या बोटभर चाकोरीतून पहिले पाणी धावते. शिवाय उतारावर मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घासत नेले, की नांगराचे तास पडावे तसे होते. ती गप्प झाली. हे घरात फारसे घडत नाही.

उपाय नवा नाही. गुराख्यांच्या वाटा पाहा, सह्याद्रीतल्या जुन्या घाटवाटा पाहा. लादलेला बैल सरळ चढत नाही, म्हणून त्या वाटा डोंगराला वळसे घालत जातात. सायकलच्या ट्रेल बांधणारे परदेशी लोकही घूमफिरून तिथेच आले आहेत. त्यांचा ठोकताळा असा, की वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको आणि सरासरी शंभराला दहाच्या आसपास असावा. वाटेची दरीकडची कड शंभराला पाच इतकी खाली कललेली हवी, म्हणजे पाणी वाटेवरून आडवे निघून जाते. आणि अधूनमधून उतरत्या वाटेला दोन पावलांचा चढ द्यायचा, की साचू पाहणारे पाणी तिथून बाहेर पडते. धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला रांगायला, रांगत्याला थांबायला, असे आम्ही गावोगावच्या भिंतींवर लिहीत होतो. वाटेची ही रीत त्याचीच धाकटी बहीण.

आखणीला यंत्रही लागत नाही. दोन बांबू, एक आडवी पट्टी आणि ओळंबा म्हणून सुतळीला बांधलेला दगड, झाली ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी 'ए' अक्षरासारखी चौकट. वॉटर कप स्पर्धेच्या काळात गावच्या बायकांनी असल्या चौकटी आणि समपातळी पाहायचे हायड्रोमार्कर घेऊन उन्हातान्हात समतल चर आखले. पुण्यातल्या इंजिनिअर मंडळींना ते जमू नये असे काही नाही.

सायकलवाल्यांना हाकलून द्या म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९७६ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन परगण्यात काही पोरे जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरावरून उतरायच्या शर्यती लावू लागली. उतार असा, की मागच्या चाकातल्या ब्रेकचे ग्रीस जळून धूर निघे आणि खाली आल्यावर ते नव्याने भरावे लागे. त्या वाटेचे नावच 'रिपॅक' पडले. तिथून हा खेळ वाढला आणि वीस वर्षांत, १९९६ ला, अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये गेला. पण त्याच परगण्यातल्या टॅमलपाइस डोंगरावर चालणारे आणि सायकलवाले यांची अशी जुंपली, की तिथल्या बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना वर्षानुवर्षे बंद राहिल्या. वणवा विझवायला ठेवलेल्या रुंद रस्त्यांवर परवानगी, तीही ताशी १५ मैलांच्या मर्यादेत. उलट वेल्समधल्या कोएड-अ-ब्रेनिनच्या जंगलात नव्वदच्या दशकात सायकलींसाठी मुद्दाम वेगळ्या वाटा बांधल्या गेल्या.

वेल्सची नक्कल मात्र आपल्याकडे नको. त्यांच्याकडे लावलेले मोठे वन आहे, आपल्याकडे चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेली एक टेकडी. माथ्यावरच्या गवतात टिटवी उघड्यावरच अंडी घालते, चंडोल आणि रातव्याचीही घरटी जमिनीवरच असतात. तिथून एकही नवी वाट काढू नये, मग ती चालणाऱ्यांची असो की चाकांची. आहेत त्यातल्याच वाटांपैकी दोन-तीन उताराला आडव्या करून घ्याव्यात, त्यातली एक सायकलींना द्यावी, आणि नाकासमोरच्या वाटांची तोंडे काटेरी फांद्या टाकून बंद करावीत. दोन पावसाळे त्यांना हात लावला नाही तर गवत येते. मी नापीक माळांवर ते पाहिलेले आहे.

आणि कृपा करून सिमेंटच्या पायऱ्या नकोत, पेव्हर ब्लॉक तर नकोतच. ब्लॉकवरून पाणी आणखी जोरात येते आणि कडेची माती खणून काढते. मग ब्लॉक लटकतात, आणि त्याच्या दुरुस्तीचे वेगळे टेंडर निघते.

सायकलवाल्यांना माझे दोनच सांगणे. जोराचा पाऊस झाला की दोन-तीन दिवस टेकडीवर येऊ नका, मुरूम निथळू द्या. आणि घंटी लावा. नातीला विचारले तर म्हणाली, 'आबा, एमटीबीला कुणी घंटी लावत नाही, वजन वाढतं.' हेल्मेट, पाण्याची बाटली, मोबाइल आणि त्या मोबाइलला धरून ठेवणारा लोखंडी पंजा एवढे सगळे वाहून नेणाऱ्या सायकलीला मूठभर घंटी जड होते, हे गणित माझ्या डोक्यावरून गेले.

चालणाऱ्यांनाही एक. वळणावर चार पावले वाचवायला मधून उतरू नका. माझा सकाळचा गट यात आघाडीवर आहे, आणि गुडघे चांगले होते तोवर मीही त्यात होतो.

मृग लागायला फार दिवस उरलेले नाहीत. एका वाटेची आखणी करून, नकाशासह, परवानगीचा अर्ज मी संबंधित कार्यालयात दिला आहे. पोच मिळाली आहे. परवानगी आली तर दहा माणसांनी चार रविवार कुदळ, फावडे आणि घमेली घेऊन यावे, एवढेच काम आहे. मी रोज सकाळी साडेसहाला वेताळबाबाच्या देवळापाशी असतो. ए-फ्रेम करून ठेवली आहे. सध्या तिच्यावर आमच्या घरचे टॉवेल वाळतात.

आपला,
एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक
कोथरूड, पुणे

ता. क. - हे पत्र लिहून होईपर्यंत नातीने घंटी बसवली. तिचा आवाज लहान मुलांच्या तीनचाकीसारखा येतो म्हणून ती वाजवत नाही. दुसरी आणायला लक्ष्मी रोडला जाणार आहे.