डावा हात

न्यू ऑर्लिन्स, रविवार

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "पेटी कपाटात गेली ना?" मी गप्प बसले. गेलीय, बाबा. इथल्या दमट हवेनं पट्ट्या अडकतात, भाताही गळतो. पण खरं कारण तेवढंच नाही. आता दिवसातले चार तास पियानोवर जातात.

आणि तिथे तुमच्या शागिर्दिणीची फजिती झाली. उजवा हात वेळेला धावतो, पण डाव्यानं आयुष्यभर भाताच ओढलाय! त्याला सा कुठला आणि प कुठला, पत्ता नाही. (आपल्या नाटकांतल्या ऑर्गनवाल्यांचं बरं होतं, भाता पायाशी.) इथे सगळी मदार डाव्यावर. प्रोफेसर लाँगहेअर म्हणून इथले पियानोवाले होते, १९८० साली गेले. त्यांचा उजवा हात ब्लूज (इथल्या कृष्णवर्णीयांचं जुनं गाणं) वाजवायचा आणि डाव्यात रुंबा, क्युबाचा नाचाचा ताल. शिवाय ताल धरायला पियानोच्या फळीवर लाथा. मी दीड वर्ष नुसता डावा घोटतेय. लाथा अजून नाहीत, खाली भाडेकरू राहतात.

बाबा, एक गंमत तुमच्यासाठी. ब्लूजचा गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही, मधेच कुठेतरी. पेटीसारखीच पियानोवरही मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं, निघत नाही. मग हे लोक काय करतात? पांढरी एक हा सा धरा. कोमल गंधार काळी दोनवर येतो. तिथे बोट टेकवायचं आणि लगेच तेच बोट घसरवत पांढरी तीनवर, शुद्धावर. दोन्ही स्वर एकमेकांत चुरडतात आणि कानाला मधला ऐकू आल्याचा भास होतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा तुम्हाला फोन लावणार होते, तिकडे पहाटेचे तीन वाजले होते.

फंक म्हणजे ठेक्यावरच उभं असलेलं नाचाचं संगीत, त्यात मात्र बोलणी खाल्ली. इथली 'द मीटर्स' ही चौकडी ऐका, १९६९ चं 'सिसी स्ट्रट'. एक वाजवतो तेव्हा दुसरा जागा सोडतो. मी तालमीत दिसेल ती फट तानेनं बुजवायची. बेसवाला म्हणाला, "ती जागाही वाजतेच की, राहू दे ना." साथीला बसवताना तुम्ही वेगळं काय सांगायचात?

आई, तू विचारलंस की मयताला नाचतात हे खरं का. खरं आहे. गेल्या शनिवारी ट्रेमे भागात एका म्हाताऱ्या वादकाच्या अंत्ययात्रेत गेले होते. जाताना बँड अगदी संथ, पावलं ओढत. शवपेटीला निरोप दिला आणि ढोलवाल्यानं वाकवलेल्या हँगरच्या तारेनं झांज वाजवायला सुरुवात केली. ट्रम्पेट उसळले, मागची सगळी माणसं छत्र्या, रुमाल उडवत नाचायला लागली. या मागच्यांनाच सेकंड लाइन म्हणतात. मला आजोबांची आठवण आली. टाळ-मृदंगात नेलं होतं त्यांना, आणि भजनी मंडळी वेशीपर्यंत पावल्या घालत होती. तू तेव्हा पदर तोंडाला लावून उभी होतीस, पण पाय हलत होता तुझा. मी पाहिलं होतं.

डिसेंबरात येताना पेटी घेऊन येते, मिरजेत दुरुस्त करून घेऊ. तोवर बाबा, एक करा. आईला भाता ओढायला बसवा आणि तुम्ही नुसत्या डाव्या हातानं 'सा रे ग म' वाजवून बघा. काय होतं ते कळवा.

तुमची,
मनू