आधी गल्ली, मग चौक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कलेचा आणि वास्तुकलेचा इतिहास आभासी नकाशांवर शिकवावा, असं आता बहुतेकांना पटलंय. मीही तसाच शिकवते. पण पडद्यावर पृथ्वी गरकन फिरवून ‘हे बघा रोम’ म्हटलं की तास झाला, हा समज मला काळजीचा वाटतो. तो माझाही होता.

बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपची भव्य, नाट्यमय वास्तुकला शिकवताना मी रोममधल्या व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चसमोरचा चौक वरून दाखवला. नदीकडून येणारा सरळसोट रुंद रस्ता, पुढे चौक, मागे घुमट. एका विद्यार्थिनीनं वहीत लिहिलं, ‘चर्च लांबून दिसावं म्हणून बर्निनीने हा रस्ता आखला.’ चूक तिची नव्हती, माझी होती. आजच्या नकाशात सगळं एकाच वयाचं दिसतं. वास्तुकार बर्निनीचा हा चौक १६५६ ते १६६७ मधला. रस्त्यासाठी घरं पाडायला सुरुवात झाली १९३६ साली, मुसोलिनीच्या काळात, आणि रस्ता पुरा झाला १९५० मध्ये.

पुढच्या तासाला मी नकाशाकार नोल्लीचा १७४८ चा रोमचा नकाशा गूगल अर्थ प्रोमध्ये आजच्या शहरावर चढवला. नदीवरचा जुना पूल आणि किल्ला या खुणा धरून कोपरे जुळवायला बराच वेळ गेला. मग पारदर्शकतेची पट्टी मुलांच्याच हाती दिली. पट्टी सरकली तसा रस्ता विरत गेला आणि तिथे घरांची लांबट पाचर वर आली. दोन्ही बाजूंना अरुंद गल्ल्या. त्या घरांच्या रांगेला लोक ‘स्पिना’ म्हणजे कणा म्हणत. कोंदट गल्लीतून चालत आलेल्या माणसासमोर एकदम चौकाला कवेत घेणाऱ्या २८४ खांबांच्या रांगांचे बाहू उघडायचे, हे मला सांगावंच लागलं नाही. नोल्लीनं इमारती गडद रंगवल्या, पण चर्चचा आतला भाग रस्त्यासारखाच पांढरा ठेवला. चर्च म्हणजे गल्लीचंच पुढचं पाऊल, हे त्या एका पांढऱ्या रंगातून कळतं.

रस्त्यावरून दिसणाऱ्या छायाचित्रांत मुलं मग एकेक पाऊल पुढे गेली. जवळ जावं तसा घुमट दर्शनी भिंतीआड बुडत जातो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला वास्तुकार मादेर्नोनं चर्च पुढे लांबवलं, त्याचा हा परिणाम. वर्षानुवर्षं मी हे फळ्यावर काढून सांगत आले, पण पटायचं कुणालाच नाही.

एक अडचण मात्र राहतेच. हवाई छायाचित्रांतून रचलेल्या त्रिमितीय प्रतिमेत अगदी जवळ गेलं की खांब मेणासारखे वितळून एकमेकांना चिकटतात. मधली पोकळी, तिथली सावली नाहीशी होते आणि खांबांच्या रांगेचा जीव तर त्या पोकळीतच असतो. त्यामुळे चांगली छायाचित्रं आणि हाताने काढलेलं रेखाटन मी सोडलेलं नाही.

माझं अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की प्रश्नपत्रिकेत अजूनही शिल्पकार, शैली आणि साल एवढंच विचारलं जातं. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला एक वास्तू द्यावी. तिचा जुना नकाशा त्यानं स्वतः शोधावा, आजच्या नकाशावर बसवावा, काय बदललं ते दोन पानांत लिहावं आणि त्याला गुण मिळावेत. नकाशा जुळला नाही तर का जुळला नाही, हे लिहिल्याचेही.

आपली,
कला-इतिहासाची एक शिक्षिका