कंसातलं नाव वाचायला लावणाऱ्या भाईंना

भाई, सलाम.

तुम्ही स्वतःहून हे वाचणार नाही ते मला माहितीय, पण दुकानात बसणारं कोणीतरी वाचून दाखवंल म्हणून असं सगळ्यांसमोरच लिहायलो. परवा वाळूजहून सेकंड शिफ्ट सुटली, कंपनीच्या बसमध्ये कानात द बेथ्स चालू होतं, ऑकलंडचा पॉवर पॉपवाला बँड आहे, 2018 ला पहिला अल्बम आला त्यांचा, आणि बाजूचा म्हणला काय ऐकायलास रे एवढा एकट्यात हसत. मला सांगताच येईना. नीट सांगायचं तर परभणीतल्या तुमच्या दुकानापासून सुरू करावं लागलं असतं आणि त्याला तर पंढरपूरच्या स्टॉपवर उतरायचं होतं (आपलं वाळूजचं पंढरपूर, विठोबाचं नाही).

लग्नसराईत तुमच्याकडं दुरुस्तीला बँडवाल्यांच्या अँपची (अँप्लिफायरची) रांग लागायची. सोल्डरिंगचा धूर, एका कोपऱ्यात उघडे पडलेले ट्रान्सफॉर्मर, आणि अँप दुरुस्त झाला की टेस्टिंगला ठरलेलं एकच गाणं, बॅडफिंगर बँडचं नो मॅटर व्हॉट. वरातीचा बँडवाला स्टुलावर बसून वैतागायचा, भाई कामाचं काहीतरी लावा की. तुमचं म्हणणं असं की यात सगळं तपासून होतं, खाली गिटार जास्तीचं फाटतंय का, वर दोघा-तिघांचे आवाज एकात एक बसलेत ते सुटे कळतात का, आणि तीन मिनिटात खेळ खलास. पॉवर पॉप म्हणजे काय हे मला याच्याहून सोपं कोणीच सांगितलं नाही. चाल अशी की एकदा ऐकून गुणगुणता यावी आणि गिटार असं की शेजाऱ्यानं खिडकी लावून घ्यावी. हा शब्द द हू च्या पीट टाऊनशेंडनं 1967 ला स्वतःच्याच बँडच्या गाण्यांना वापरला होता हे मी लई नंतर वाचलं, तुम्ही तर सरसकट 'मस्कतवाले गाने' म्हणायचे, कारण मस्कतच्या रूममधला फिलिपिनो पार्टनर घरी जाताना कॅसेटचा खोका तुमच्या गळ्यात टाकून गेला होता.

तो दिवस मला आजही जसाच्या तसा दिसतो. 2004, मी अकरावीला, फिजिक्सचा क्लास बुडवून तुमच्याकडं. बँगल्सची कॅसेट लावलेली आणि मी सारखं पुढं-मागं करून फेमसवाली दोनच गाणी ऐकायलो. तुम्ही टेप बंद केला. डब्बीतला कागद काढला, घडीवर झिजून फाटत आलेला, त्याच्यावर ते सर्किट बघायचं जाड भिंग धरलं आणि एका गाण्याखाली काळं नख ठेवलं. "ये ब्रॅकेट में किसका नाम है, पढ." मी वाचलं, चिल्टन. "बँड में तो सब लडकियां हैं, फिर ये कौन?"

एवढंच. पुढं एक शब्द बोलले नाही, परत सोल्डरिंगला बसले. लई राग आला होता मला.

मग नेट कॅफेत जाऊन तासाचे पैसे भरले आणि शोधलं. गाणं सप्टेंबर गर्ल्स, मूळचं 1974 चं, मेम्फिसच्या बिग स्टारचं. लिहिणारा ॲलेक्स चिल्टन, ज्यानं सोळाव्या वर्षी बॉक्स टॉप्स बँडमधून द लेटर हे गाणं गायलं आणि 1967 ला ते अमेरिकेत नंबर वन झालं. मी पण सोळाचाच होतो, माझं फिजिक्स राहिलं होतं.

बिग स्टारची पहिली रेकॉर्ड 1972 ची. आपल्याकडं 1972 म्हणलं की दुष्काळ, खडी फोडायला गेलेली आजी. त्याच वर्षी तिकडं चार पोरांनी स्टुडिओसमोरच्या किराणा सुपरमार्केटच्या पाटीवरून बँडचं नाव उचललं, अल्बमचं नाव काय तर नंबर वन रेकॉर्ड, छापून आलं ते पण चांगलंच आलं, आणि वितरणाचा असा घोळ झाला की लोक दुकानात विचारायला गेले तर रेकॉर्डच नाही. म्हणजे माल निवडून पोत्यात भरून तयार आणि मोंढ्यापर्यंत गाडीच आली नाही! त्यातला ख्रिस बेल 1978 ला गाडीच्या ॲक्सिडेंटमध्ये गेला, 27 वर्षांचा. त्याचा एकट्याचा अल्बम 1992 ला निघाला.

त्यानंतर मला कंसाचा नादच लागला. ब्लाँडी बँडच्या हँगिंग ऑन द टेलिफोनखाली जॅक लीचं नाव, म्हणजे द नर्व्ह्ज, लॉस एंजेलिसची तीन पोरं, 1976 ला चार गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड काढली, त्यातलं हे. मारिया कॅरीचं विदाऊट यू तर सगळ्या कॉलेजला पाठ, त्याच्या कंसात हॅम आणि इव्हान्स, म्हणजे तुमचंच टेस्टिंगवालं बॅडफिंगर. ते सांगायला मी पळत आलो होतो, आठवतं? तुम्हाला आधीच माहीत होतं. म्हणले पैशाच्या भानगडीत दोघांनी जीव दिला, एकानं 1975 ला, दुसऱ्यानं 1983 ला. मग दोघंही गप्प बसलो, आपल्या भागात याच्यावर जास्त बोलावं लागत नाही.

आता कॅसेट नाही आणि कागदही नाही. ॲप तर एकदा काही आवडलं की त्याच्यासारखंच दळण दळत बसतं. मी बँडकॅम्पवर जातो, गाणी विकत घ्यायची साइट आहे, अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांचे बारके बारके फोटो असतात, एकावर बोट ठेवलं की त्या माणसानं अजून काय काय घेतलंय ते सगळं उघडतं. कोण कुठला माणूस, आणि त्याच्या कपाटात मी रात्री दोन वाजता हात घालून बसलेला. असंच एकदा शूज नावाचे बँडवाले सापडले, अमेरिकेतल्या झायन नावाच्या गावचे, 1977 ला घरातल्या खोलीत चार ट्रॅकच्या मशीनवर अख्खा अल्बम केलेला. आवाज थोडा दबका आहे, तुमच्या टेस्टिंगला चालायचा नाही, पण चाली बघा एकेक.

थँक्यू म्हणायला वीस वर्षं लागली, त्याचं एक कारण आहे. ती बँगल्सची कॅसेट मी 'उद्या देतो' म्हणून घरी नेली होती आणि आमच्या टेपनं ती खाल्ली. पेन्सिल घालून गुंडाळली, एका जागी तुटली तिथं सेलोटेप लावला, आणि तुम्ही जेवायला गेले तेव्हा गुपचूप खोक्यात ठेवून आलो. सेलोटेप बरोबर सप्टेंबर गर्ल्सच्या मधोमध आहे.

दिवाळीला येतो तेव्हा पेनड्राईव्ह भरून आणतो, सगळ्या गाण्यांसमोर कंसात नावं टाकून. कॅसेटचं काय ते तेव्हा बोलू. रागवायचं असंल तर रागवा, पण चहा आधी सांगा.