टिपणवही आणि मेणाची नळी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंग्रजी लोकगीतांच्या संकलनाचे श्रेय एकट्या सेसिल शार्प या संकलकाला देणे बरोबर नाही. १९०३ मध्ये सॉमरसेटमधील हॅम्ब्रिज येथे जॉन इंग्लंड या माळ्याकडून ‘द सीड्स ऑफ लव्ह’ त्यांनी टिपले खरे. पण लोकगीते जमवणारी फोक-साँग सोसायटी ही संस्था १८९८ मध्येच स्थापन झाली होती.

संकलनातली खरी अडचण गाणी ऐकून हाताने टिपण्यात होती. गायक कडव्यागणिक चाल किंचित बदलतो, एखादी मात्रा वाढवतो. कानावर भिस्त ठेवणारा संकलक एकच चाल लिहून बाकीची कडवी तिच्यात बसवतो आणि हे फरक पुसले जातात. संगीतकार पर्सी ग्रेंजर यांनी १९०६ मध्ये इंग्लंडमधील लिंकनशर परगण्यात फोनोग्राफ, म्हणजे मेणाच्या नळीवर आवाज मुद्रित करणारे यंत्र, वापरला तो यासाठीच. मेणाच्या नळीवर जेमतेम दोन-तीन मिनिटांचे गाणे मावे, शिवाय दर वेळी वाजवताना ती झिजे. तरीही गायकाचा दम, हेलकावे, उच्चार हाती लागले. त्यांपैकी जोसेफ टेलर या लोकगायकाचा आवाज १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीनेही मुद्रित केला, हे केवढे भाग्य!

शार्प यांनी छापताना शृंगारिक शब्द सौम्य केले. म्हणून शब्दांसाठी त्यांच्या हस्तलिखित वह्याच पाहाव्यात, छापील पुस्तके नव्हेत.

आपला,
लोकसंगीताचा एक अभ्यासक