घोंघावणाऱ्या चाकाबद्दल आभार

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

गाडी परत नेताना मी घाईघाईत ‘आभारी आहे’ एवढेच म्हणाले होते. त्यानंतर हजारभर किलोमीटर गाडी चालवली आणि आपण नेमके काय केलेत ते हळूहळू उमगत गेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते चारचौघांत लिहिण्याचे कारण एवढेच की, पुढच्या चाकांतून येणाऱ्या आवाजाने बेजार झालेल्या आणखी कोणालाही आपल्या तपासणीचा उपयोग व्हावा.

आपल्याकडे येण्यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी टायर बदलून झाले होते, व्हील बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडून सारखे करणे) दोनदा झाले होते, शॉकॲब्सॉर्बरही नवे बसले होते. दर वेळी ‘आता आवाज जाईल’ असे सांगण्यात आले आणि दर वेळी तो आवाज माझ्याबरोबर घरी आला. ‘गाडी पुढून आवाज करते आणि थरथरते’ एवढीच तक्रार मी आपल्यापुढे मांडली. आपण पान्याला हात न लावता विचारलेत की, आवाज कोणत्या वेगाला सुरू होतो, ब्रेक दाबल्यावर बदलतो का, गाडी उभी असताना येतो का आणि थरथर हातांना जाणवते की सीटला. दहा मिनिटांत माझ्या एका तक्रारीच्या तीन तक्रारी झाल्या, आणि त्या तिन्ही दुखण्यांना मी इतके दिवस एकाच नावाने हाका मारत होते हे लक्षात आले.

पहिली तक्रार घोंघावण्याची. आपण शेजारी बसलात आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 किलोमीटर वेग आल्यावर मला गाडी न्यूट्रलमध्ये टाकायला सांगितलेत. इंजिनाचे फेरे उतरले, पण घोंघावणे तसूभरही बदलले नाही, तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स संशयातून सुटले. खडबडीत रस्ता संपून गुळगुळीत रस्ता लागला तरी सूर तोच राहिला, म्हणून टायरवरचा संशयही कमी झाला. मग आपण स्टीअरिंग अलगद डावीकडे आणि उजवीकडे वळवायला लावलेत. डावीकडे वळताना आवाज भरून आला, उजवीकडे वळताना जवळजवळ विरला. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, त्यामुळे उजव्या पुढच्या चाकाच्या बेअरिंगकडे, म्हणजे चाक ज्याच्या आधाराने सहज फिरते त्या भागाकडे, बोट वळले.

तरीही आपण तेवढ्यावर निर्णय दिला नाहीत, आणि मला विशेष वाटते ते याचेच. गाडी जॅकवर घेऊन चाक वरून आणि खालून धरून हलवले, तर काहीही प्ले, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. हाताने फिरवले, तर आवाज नव्हता. मी मनात म्हटले, अंदाज चुकला. तेव्हा आपण माझी बोटे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवायला सांगितलीत आणि चाक पुन्हा फिरवलेत. कानाला काहीच ऐकू येत नव्हते, पण बोटांखाली जात्यात खडा अडकावा तशी बारीक खरखर स्पष्ट लागत होती. डाव्या बाजूच्या स्प्रिंगवर तसाच हात ठेवला, तर तिथे काही नाही. प्ले नसलेले बेअरिंगसुद्धा खराब असू शकते, हे त्या दिवशी मला बोटांनी कळले.

दुसरी तक्रार होती ताशी 85 ते 95 च्या दरम्यान स्टीअरिंगला सुटणाऱ्या कापऱ्याची. ब्रेक दाबल्याने ती वाढत नव्हती, त्यामुळे ब्रेक डिस्कचा प्रश्न मागे पडला. आपण कागदावर हिशेब मांडलात: ताशी 90 म्हणजे सेकंदाला 25 मीटर, चाकाचा घेर सुमारे 1.9 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे 13 फेरे घेते आणि चाकाकडील जड भागांना स्वतःच हलायला आवडते ते साधारण याच ठेक्यावर. म्हणून अगदी लहान दोषही त्या वेगाला मोठा होऊन हातात येतो आणि वेग वाढला की पुन्हा कमी होतो. मग दोनदा बॅलन्सिंग करूनही तो का राहिला? कारण मशीनवर चाक मशीनच्या दांड्यावर बसते आणि गाडीत हबवर, म्हणजे चाक ज्यावर नटांनी आवळतात त्या मधल्या भागावर. माझ्या गाडीच्या हबवर गंजाचा पापुद्रा साचला होता, त्यामुळे मशीनवर निर्दोष ठरलेले चाक गाडीत किंचित तिरके बसत होते. आपण तारेच्या ब्रशने हब घासून स्वच्छ केलात, नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळलेत, आणि कापरे थांबले. एवढ्या खर्चानंतर उपाय ब्रशचा निघाला याचा मला क्षणभर रागच आला होता, हे कबूल करते.

तिसरी, गतिरोधकावरची खटखट, वळताना गाडी फार कलू न देणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे स्टॅबिलायझरच्या, झिजलेल्या लिंकची (जोडदांडीची) होती. दोन्ही लिंक सोडवून हळू वेगाने एक फेरी मारली, तर आवाज गायब.

दोन्ही बाजूंची बेअरिंग बदलून टाका, असे मी उतावळेपणाने म्हणाले होते. डावे ठीक आहे, ते राहू द्या, असे म्हणून आपण माझे पैसे वाचवलेत. नव्या बेअरिंगची चुंबकीय कड एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या बाजूला येते आहे ना, हेही प्रेसखाली घालण्यापूर्वी आपण थांबून पाहिलेत. काढलेले बेअरिंग मला उघडून दाखवलेत. त्याच्या आतल्या कडीवर नखाएवढा खळगा होता. ते मी जपून ठेवले आहे.

लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) मागच्या रबरी बुशवर बारीक चीर दिसते आहे, ती आज बदलायची गरज नाही, सहा महिन्यांनी पाहू, असे आपण म्हणाला होता. ती मुदत पुढच्या महिन्यात संपते. गाडी घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
त्या घोंघावणाऱ्या गाडीची मालकीण